समान वेतनाचा कायदा आणि वावरातील समजुती

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाचा मोठा पसारा आणि कपाशी-तुरीची वावरे एकमेकांच्या शेजारी नांदतात. आणि स्त्रियांच्या वेतनाविषयी या भागात, किंबहुना साऱ्या विदर्भात, ज्या समजुती रूढ आहेत त्यांतील सर्वांत जुनी ही की, समान वेतनाचा कायदा रुग्णालयातील परिचारिकेला लागू असेल, पण निंदणाला येणाऱ्या बायांशी त्याचा काय संबंध? वस्तुस्थिती अशी की, १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या अनुसूचीचा दुसरा भागच मुळी शेतीच्या कामासाठी राखलेला होता. पुढे २६ सप्टेंबर १९७५ च्या वटहुकुमाने समान वेतनाचे तत्त्व आले, १९७६ साली त्याचा अधिनियम झाला, आणि हे दोन्ही कायदे आता २०१९ च्या वेतन संहितेत विलीन होऊन ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आहे.

दुसरी समजूत अधिक चिवट आहे. मजुराने स्वखुशीने कमी रोजी कबूल केली, किंवा युनियनने तसा करारनामा केला, की कायद्याचे तोंड बंद झाले, असे पुष्कळ सुशिक्षितही मानतात. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतील स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळे. त्यांपैकी ऑड्री डिकॉस्टा यांनी दाद मागितली, तेव्हा कंपनीने युनियनशी झालेल्या कराराचा दाखला दिला आणि फरक भरून देण्याची ऐपत नसल्याचेही पुढे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दोन्ही सबबी अमान्य केल्या. मग पुरुषांचेच वेतन खाली आणून समानता साधावी काय? ही पळवाट १९७६ च्या अधिनियमानेच बुजवली होती आणि संहितेनेही ती बुजवलेलीच ठेवली आहे.

परंतु कायद्याचे समर्थकही एका भ्रमात असतात, आणि मला तो अधिक घातक वाटतो. डवरणी करणाऱ्या गड्याला जी मजुरी मिळते तीच निंदण करणाऱ्या बाईला मिळालीच पाहिजे, असे हा कायदा सांगत नाही. तो बोलतो ते समान वा समान स्वरूपाच्या कामाविषयी. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी या कसोट्यांवर व्यवहारात महत्त्व राहील असा फरक आढळला, तर तुलना तिथेच खुंटते. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कराराने, ज्याला भारताने १९५८ साली मान्यता दिली, समान मूल्याच्या कामाची व्यापक कसोटी मांडली होती. आपल्या कायद्याने ती पुरतेपणी उचलली नाही. परिणामी दिवसभर कंबर मोडून खुरपे चालवणारीचे श्रम डवऱ्यामागून चालणाऱ्याच्या श्रमांशी तोलले जातच नाहीत. कापूस वेचणीला तर किलोमागे एकच भाव, कागदोपत्री निर्दोष. मात्र त्या तासांवर पुरुष क्वचितच दिसतात, तेव्हा त्या भावाची तुलना करायची कोणाशी? येथे भेदभाव मजुरीच्या दरात नसून कामाच्या वाटणीत दडलेला असतो, आणि संहिता नोकरभरतीत व सेवाशर्तींत लिंगभेदास मनाई करत असली तरी रूढीने चालत आलेल्या या वाटणीपर्यंत तिचा हात सहजासहजी पोहोचत नाही.

प्रसूतिरजेचा हक्क केवळ कायम नोकरीतल्या स्त्रीला, हा समज मात्र थोडक्यात निकालात काढता येतो: दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांना तो हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच मान्य केला होता.

राहिली तक्रार. तीत काही हशील नाही, पुरावा कोठून आणायचा, असे बाया म्हणतात. संहितेनुसार दावा दाखल करण्यास ३ वर्षांची मुदत आहे, आणि कमी मजुरी दिल्याचा दावा असेल तर देय रक्कम पूर्ण दिली हे शाबीत करण्याचा भार मजुरावर नव्हे, मालकावर असतो. म्हणजे मुकडदमाची हजेरीची वही ज्याच्या ताब्यात, तिच्यातील नोंदींचा जाबही त्यालाच द्यावा लागतो.