लोकरीच्या स्पंजात वाढणाऱ्या पेशी

ओसाका सिटी युनिव्हर्सिटीतल्या आकिरा ताचिबाना आणि सहकाऱ्यांनी 2002 साली मेंढीच्या लोकरीपासून एक स्पंज तयार केला. लोकरीतलं केराटिन हे प्रथिन त्यांनी पाण्यात उतरवलं, ते द्रावण गोठवलं आणि निर्वातात वाळवलं. बर्फ उडून गेला, मागे सुमारे 100 मायक्रोमीटरची छिद्रं राहिली. उंदराच्या पेशी त्या छिद्रांत शिरल्या, चिकटल्या आणि दाटीने वाढल्या. ऊती अभियांत्रिकीला पेशींसाठी असाच सांगाडा हवा असतो.

खरी करामत मात्र स्पंजाच्या आधीची. केराटिनच्या साखळ्यांत सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल जागोजागी असतं. शेजारच्या साखळ्यांतले गंधक एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून लोकर पाण्यात विरघळत नाही आणि पाचक रसांनाही दाद देत नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड गोडार्ड आणि लिओनोर मायकेलिस यांनी 1930च्या दशकात थायोग्लायकोलिक आम्लाने हे बंध तोडले. लोकर विरघळली आणि मग पाचक विकरांनाही पचू लागली! सुटा झालेला गंधक हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा जोडी जमवतो, म्हणून त्यांनी त्यावर आयोडोअॅसिटिक आम्लाची क्रिया करून त्याचं तोंड बंद केलं.

बंध कसा तोडला, यावर पुढचं सगळं ठरतं. पेरअॅसिटिक आम्लाने तोडला, तर गंधकाचा सल्फोनिक गट होतो. तो परत जुळत नाही, आणि असा पदार्थ शरीरात लवकर विरतो. क्षपणाने तोडला तर गंधक जिवंत राहतो, पुन्हा बंध बांधतो, पदार्थ जास्त टिकतो. म्हणून ‘केराटिनचा सांगाडा’ एवढंच सांगणारा दावा मला अपुरा वाटतो. त्यातल्या गंधकाचं काय केलं, हे आधी कळायला हवं.

ओसाकाच्या गटाने नेमकं तिथेच पुढचं काम केलं. आयोडोअॅसिटिक आम्लाने त्यांनी गंधकावर कार्बोक्सिल गट बसवले. हाडातल्या कॅल्शियमला ते धरू शकतात. अशा स्पंजाला हाडाची वाढ घडवणारं बीएमपी-2 हे प्रथिनही बांधून राहिलं, आणि स्पंजातल्या पूर्वपेशी अस्थिपेशींच्या वाटेला लागल्या. हे प्रथिन जखमेबाहेर पाझरलं तर नको तिथे हाड तयार होऊ शकतं, म्हणून ते जागेवर धरून ठेवणं फार मोलाचं आहे.

हाडासाठीचा केराटिनचा सांगाडा अजून प्रयोगशाळेतला विषय आहे. जखमांवरच्या पट्ट्या मात्र न्यूझीलंडच्या लोकरीतून बनून रुग्णांपर्यंत पोचल्या आहेत. निव्वळ केराटिनचे पापुद्रे वाळले की ठिसूळ होतात, म्हणून त्यात कायटोसान किंवा रेशमातलं फायब्रॉइन मिसळतात.

मला या रसायनात आशा दिसते ती दख्खनी मेंढीच्या लोकरीसाठी. जाडीभरडी, आखूड म्हणून गिरण्या ती नाकारतात, धनगरांना तिचा भाव मिळत नाही. पण इथे धागा विरघळवायचाच असतो, त्यामुळे त्याच्या जाडीने फारसं बिघडत नाही. तिच्यातली चरबी आणि कुसळं नीट काढावी लागतील, आणि प्रत्येक खेपेला गंधकाचं प्रमाण मोजावं लागेल.