प्रकाशाने घडणाऱ्या सूक्ष्म सुया

मायक्रोनीडल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी उंचीची सुई. अशा शेकडो सुया नाण्याएवढ्या पट्टीवर ओळीने उभ्या करता येतात. पट्टी त्वचेवर दाबली की टोके सर्वांत वरचा मृत थर भेदून आत शिरतात. हा थर अवघा १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो, तरी बहुतेक औषधे तो अडवतो. त्याच्या लगेच खाली रोगप्रतिकारक पेशींची दाट वस्ती असल्याने लसीला ही जागा सोयीची. सुई फार खोल जात नसल्यामुळे दुखणे नाममात्र असते. विरघळणाऱ्या पॉलिमरच्या सुयांमध्ये लस सुईच्या अंगातच मिसळलेली असते. त्वचेच्या ओलाव्याने सुई काही मिनिटांत विरघळते आणि विल्हेवाट लावायला टोकदार कचरा उरत नाही.

या पट्टीचे मोल कळवणसारख्या तालुक्यात चांगले कळते. नाशिक जिल्ह्यातल्या या आदिवासीबहुल तालुक्यात गिरणेच्या खोऱ्यातली गावे आणि डोंगरकडेचे पाडे विखुरलेले आहेत. गोवर-रुबेलाची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, म्हणून ती बर्फाच्या पॅकसह लसवाहक पेटीतून लसीकरणाच्या जागी न्यावी लागते. कुपीतली लस कोरडी असते. तिच्यात द्रावक मिसळले की चार तासांच्या आत ती वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. पाड्यावर दोनच बाळे असली तरी अनेक मात्रांची कुपी उघडावी लागते. कोरड्या पट्टीत एकेका बाळाची मात्रा स्वतंत्र असेल, द्रावक मिसळणे नसेल आणि उष्णता ती अधिक सोसत असेल, तर हे काम हलके होते.

या दिशेने झालेल्या एका महत्त्वाच्या चाचणीचा धागा पुण्यापर्यंत पोहोचतो. गांबियात गोवर-रुबेलाच्या मायक्रोनीडल पट्टीची चाचणी झाली. तिच्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस होती. ४५ प्रौढ, १२० लहान मुले आणि १२० तान्ही बाळे या चाचणीत सहभागी होती. २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पट्टी सुरक्षित आढळली. पट्टी लावलेल्या सुमारे ९३ टक्के, तर इंजेक्शन घेतलेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये गोवराविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली.

आता प्रश्न उरतो तो अशी सुई घडवायची कशी हा. धातू किंवा सिलिकॉन कोरून सूक्ष्म सुया करता येतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी १९९८ मध्ये सिलिकॉनच्या सुयांनी त्वचेतून औषध जाऊ शकते हे दाखवले. मात्र कोरीवकाम महाग असते आणि प्रत्येक नव्या आकारासाठी नवी तयारी करावी लागते. प्रकाशाधारित पद्धती इथे उपयोगी पडतात. या पद्धतींचा पाया एकच आहे. द्रव रेझिनमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारे रसायन मिसळतात. जिथे प्रकाश पडतो तिथे लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट पॉलिमर बनते, अंधारातले रेझिन द्रवच राहते.

प्रकाश देण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. स्टिरिओलिथोग्राफीत लेसरचा ठिपका एकेक थर रेखत जातो. नागोयाचे हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये या कल्पनेचे वर्णन केले, चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये पेटंट मिळाले. डिजिटल प्रकाश प्रक्रियेत प्रोजेक्टर अख्ख्या थराचे चित्र एकदम पाडतो, त्यामुळे शेकडो सुया एकाच वेळी वाढतात. २०१५ मध्ये जोसेफ डिसायमोन यांच्या गटाने मांडलेल्या ‘क्लिप’ पद्धतीत खालच्या काचेसारख्या पडद्यातून प्राणवायू आत येतो. तो रेझिन घट्ट होऊ देत नाही, म्हणून तळाशी पातळसा द्रव थर सतत टिकतो आणि सुई थांबेथांबे नव्हे, तर सलग वर ओढली जाते. सर्वांत सूक्ष्म काम द्विफोटॉन पद्धतीचे. क्षणार्धाहून किती तरी लहान लेसर-स्पंदांच्या केंद्रबिंदूतच रेझिन घट्ट होते. मायक्रोमीटरहून लहान तपशील मिळतात, पण वेळ फार लागतो.

सुईच्या टोकाकडे जवळून पाहिले तर खरी अडचण दिसते. शंकूचा उतार थरांत विभागला की कडेला पायऱ्या पडतात. थर जाड असेल तर शेवटची पायरी बोथट राहते आणि बोथट टोक त्वचेला भेदण्याऐवजी नुसतेच दाबते. थर पातळ केला तर टोक धारदार होते, पण वेळ वाढतो. प्रकाश जास्त पडला तर तो शेजारच्या रेझिनमध्ये पसरून टोक जाड करतो, कमी पडला तर सुई लुसलुशीत राहून वाकते. प्रकाश आणि थर यांचा मेळ साधणे हेच या कामाचे कसब.

दुसरी अडचण रसायनांची. न जोडलेले रेझिनचे रेणू शरीराला अपायकारक ठरू शकतात. म्हणून सुया अल्कोहोलमध्ये धुऊन पुन्हा प्रकाशात पक्क्या कराव्या लागतात. शिवाय तीव्र अतिनील प्रकाशाने लसीचे रेणू बिघडू शकतात. त्यामुळे एक व्यवहार्य मार्ग असा: प्रकाशाने आधी मूळ नमुना घडवायचा, त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा आणि साच्यात लसमिश्रित, पाण्यात विरघळणारे पॉलिमर भरून सुकवायचे. टोकाशी अडकलेली हवा निर्वात पंप किंवा सेंट्रिफ्यूजने काढतात. लसीला मग तो प्रकाश सोसावाच लागत नाही आणि एका नमुन्यावरून अनेक साचे निघतात.

पुढचे काम प्रयोगशाळेबाहेरचे आहे. प्रत्येक पट्टीत सारखीच मात्रा बसली पाहिजे, उत्पादन निर्जंतुक राहिले पाहिजे, लाखो पट्ट्यांमधल्या सुयांची टोके तितकीच तीक्ष्ण निघाली पाहिजेत आणि किंमत सरकारी लसीकरणाला परवडली पाहिजे. या अटी पुऱ्या झाल्या की साधे प्रशिक्षण घेतलेली कार्यकर्तीही पाड्यावर ही पट्टी लावू शकेल.