विवाह कायम, सहवास स्थगित

नवरा मुंबईत नोकरीला किंवा बोटीवर आणि बायको गावच्या घरी, ही संसाराची रीत विजयदुर्गसारख्या किनारी गावांत पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. त्यामुळे पती-पत्नी वेगळ्या ठिकाणी राहतात एवढ्यावरून त्यांच्या विवाहाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही आणि कायदाही तो काढत नाही. परित्याग सिद्ध होण्यासाठी वेगळ्या राहण्याला सहवास कायमचा संपवण्याच्या इराद्याची जोड असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्येच स्पष्ट केले असल्याने गणपती-शिमग्याला घरी येणारा चाकरमानी परित्यागी ठरत नाही. उलट, वर्षानुवर्षे अबोला धरलेले जोडपे मात्र कायद्याच्या नजरेत पूर्ण विवाहित असते आणि त्यांच्यापैकी कोणीही दुसऱ्याला नांदायला बोलावण्यासाठी न्यायालयात जाऊ शकते.

या पेचातून वाट काढणारी तरतूद हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 10 मध्ये आहे. तिला न्यायिक विभक्तता म्हणतात. न्यायालयाने तसा हुकूमनामा दिला की एकत्र राहण्याचे बंधन सुटते, परंतु विवाह टिकतो आणि दोघांपैकी कोणालाही दुसरे लग्न करता येत नाही. 1976 च्या दुरुस्तीपासून घटस्फोटाची आणि विभक्ततेची कारणे एकच असली, तरी निव्वळ आपसांतील संमती हे विभक्ततेचे कारण मानले जात नाही. म्हणूनच गावच्या चार माणसांसमोर मुद्रांकपत्रावर लिहून घेतलेला कागद हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाही. विशेष विवाह कायद्यात तसेच ख्रिस्ती आणि पारशी विवाहांच्या कायद्यांतही विभक्ततेची सोय आहे.

विवाह टिकण्याचे मोल मालमत्तेच्या प्रश्नात उघड होते. हापूसच्या कलमांची बाग सातबाऱ्यावर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि तो मृत्युपत्र न करता वारला, तर विभक्त पत्नी विधवा या नात्याने प्रथम वर्गाची वारस ठरते, तर घटस्फोटितेला हा हक्क उरत नाही. पोटगी मात्र दोन्ही मार्गांनी मागता येते.

1956 मध्ये विवाहबद्ध झालेल्या एका जोडप्याचा ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ हा खटला या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. त्या काळी क्रूरता हे घटस्फोटाचे नव्हे, केवळ विभक्ततेचे कारण होते आणि खालच्या न्यायालयाने पतीला त्या कारणावरून विभक्तता मंजूरही केली होती. ती अपिलात रद्द झाली. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नीचे वर्तन क्रूरतेत मोडते असे मान्य केले, तरीही त्यानंतर पतीने सहवास चालू ठेवला म्हणजे ते वर्तन पोटात घातले, असे ठरवून विभक्तता नाकारली. न्यायाची ही कसोटी काटेकोर असली, तरी संसार सावरण्यासाठी पुन्हा एकत्र राहून पाहणाऱ्यावर ती काहीशी कठोर वाटते, हेही नोंदवले पाहिजे.

हुकूमनाम्यानंतर मने जुळली तर न्यायालय तो मागे घेऊ शकते. एक वर्षभर सहवास सुरू झालाच नाही, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकते. लग्नाला वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही, परंतु विभक्ततेला ही अट नाही, आणि छळामुळे पहिल्याच वर्षी माहेरी परतलेल्या मुलीला तिचा खरा उपयोग होतो. 2003 च्या दुरुस्तीमुळे पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात दाद मागता येते, त्यामुळे विजयदुर्गात राहणाऱ्या स्त्रीला अर्जासाठी मुंबई गाठावी लागत नाही. सिंधुदुर्गातच अर्ज करता येतो, आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागण्याचा हक्क आहे.