आपाचं लॉकेट आणि प्रकाशाचे जोडीदार कण

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. क्वांटम विज्ञानावर बोलायला बसलो ते आपामुळे.

आपा माझी थोरली बहीण, साताऱ्याला असते. गुडघे दुखतात तिचे. एका विक्रेत्यानं तिच्या गळ्यात साडेचार हजारांचं ‘क्वांटम’ लॉकेट घातलं. ‘याचा जोडीदार खडा आमच्याकडे आहे. तिथून उपचार केले की इथे गुण येतो. यावर नोबेल मिळालंय,’ असं तो म्हणाला. आपानं गोळ्या बंद केल्या आणि मला फोन केला, “अरे, तू एवढं वाचतोस, हे खरं आहे का?” मला उत्तर देता येईना. शेवटी ओळखीच्या एका प्राध्यापकांना गाठलं.

नोबेलची गोष्ट खरी आहे. २०२२ साली ॲलन आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटोन झायलिंगर यांना ते मिळालं. आपण पानाला चुना लावतो, त्यात कॅल्शियम असतं. क्लाउझर आणि आस्पे यांनी कॅल्शियमचेच अणू घेतले. अशा अणूला ऊर्जा दिली की तो पाठोपाठ दोन प्रकाशकण, म्हणजे फोटॉन सोडतो. हे दोन कण एकमेकांत ‘गुंतलेले’ असतात.

समजा, एक कण सांगलीला आला, दुसरा साताऱ्याला गेला. दोघांच्या वाटेत काही गॉगलना असते तसली पोलरायझरची काच धरली. कण पार झाला तर ‘हो’, अडला तर ‘नाही’. दोन्हीकडे काच एकाच कोनात असेल, तर दोघांचं उत्तर नेहमी सारखं येतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल? कोल्हापुरी चपलांचा जोड दोन पिशव्यांत घालून दोन गावी पाठवला, इथे डावी निघाली की तिथे उजवीच असणार. १९३५ साली आइन्स्टाइन यांचाही कल साधारण असाच होता.

१९६४ मध्ये जॉन बेल यांनी याची परीक्षा घेण्याची युक्ती काढली. काच साठ-साठ अंशांच्या फरकानं तीन कोनांत धरा. उत्तरं आधीच ठरलेली असतील, तर प्रत्येक कणाच्या खिशात तीन उत्तरांची चिठ्ठी हवी. तीन जागा आणि उत्तरं दोनच, म्हणजे किमान दोन जागी एकच उत्तर येणार. मग दोन गावी वेगवेगळे कोन धरले, तरी शंभरात निदान तेहतीस वेळा उत्तरं जुळायला हवीत. क्वांटमचं गणित सांगतं पंचवीस! क्लाउझर यांनी १९७२ मध्ये आणि आस्पे यांनी १९८१-८२ मध्ये अशाच मर्यादेची परीक्षा घेतली. निकाल क्वांटमच्या बाजूनं लागला. खिशात तयार चिठ्ठ्या नव्हत्या.

मग लॉकेटवाला खोटा कुठे पडतो? सांगलीच्या माणसाला आपल्या कणाचं उत्तर निवडता येत नाही. ‘हो’ आणि ‘नाही’ कसेही येतात, निम्मे-निम्मे. साताऱ्याची यादीही तशीच. फोन करून दोन्ही याद्या ताडून पाहिल्या, तरच जुळणी दिसते. म्हणजे या नात्यातून निरोप जात नाही, मग औषध कुठून जाणार? माझा हा आवाज साताऱ्याला पोचतो तो रेडिओलहरींवरून. शिवाय हे नातं फार नाजूक असतं. भोवतालच्या कणांशी संबंध आला की ते विरतं. घामाच्या गळ्यात ते कसलं टिकतंय!

त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. दोन ठिकाणी उमटलेल्या या जुळणाऱ्या याद्या गुप्त संदेशाची किल्ली होऊ शकतात. मध्येच कुणी डोकावलं तर जुळणी बिघडते आणि चोरी कळते. जानेवारी २०२२ मध्ये अहमदाबादेत आपल्या शास्त्रज्ञांनी ३०० मीटर अंतरावर असा प्रयोग करून दाखवला. २०२३ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३ कोटींवर रुपये मंजूर केले. त्याचं एक केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे.

हे सारं मी आपाला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे इतके गुंतलेले असूनही फोन करावाच लागतो म्हण की!” पैसे गेले ते गेलेच. पण गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आणि दर रविवारी मी तिला फोन करतो.