पल्ला आणि मजल

मराठीतील ‘मजल’ हा शब्द अंतराचा असला, तरी तो केवळ अंतराचा नव्हे. एका दमात किंवा एका दिवसात जेवढी वाट खरोखर चालून होईल, तेवढी मजल. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून घाट चढत असत, तेव्हा त्यांची मजल कोसांच्या ठराविक आकड्याने बांधलेली नसे. पावसाने वाट चिखलली की ती आखूड होई. ओझे वाढले की आखूड होई. बैल म्हातारा झाला की आणखी आखूड होई. तांड्याचा नाईक मुक्कामाची जागा ठरवी ती या तिन्ही गोष्टी ध्यानात घेऊन. पुढे मोटारी आल्या, ठिकठिकाणी पेट्रोलचे पंप झाले, आणि हा हिशेब मांडण्याचे फारसे कारण उरले नाही. विजेवर चालणाऱ्या वाहनांनी ते कारण पुन्हा निर्माण केले आहे. अशा वाहनाच्या माहितीपत्रकावर जे अंतर छापलेले असते तो त्याचा पल्ला. रस्त्यावर प्रत्यक्ष पदरात पडते ती त्याची मजल. या दोहोंत तफावत का पडते, आणि ती कोणाला महाग पडते, हा प्रश्न आज पुष्कळांच्या रोजच्या भाकरीशी येऊन भिडला आहे.

उदाहरणादाखल चेन्नईच्या दक्षिणेकडील शोळिंगनल्लूर घ्यावे. अड्यारजवळच्या मध्य कैलासपासून सिरुसेरीपर्यंत सुमारे वीस किलोमीटरांचा जो सहापदरी रस्ता गेला आहे, त्यावर हे ठिकाण येते. जुना महाबलिपुरम रस्ता या नावाने तो अजूनही ओळखला जातो. पूर्वेस बकिंगहॅम कालवा व त्यापलीकडे समुद्र, पश्चिमेस पेरुम्बाक्कम आणि पळ्ळिकरणैचा पाणथळ प्रदेश. २०११ साली हा भाग चेन्नई महापालिकेत आला. माहिती तंत्रज्ञानाच्या मोठमोठ्या कचेऱ्या येथे आहेत, आणि महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त गेलेले तरुणही तेथे राहतात. या कचेऱ्यांत आणि आसपासच्या उंच इमारतींत दुपारचे जेवण, किराणा, औषधे पोचवीत दिवसभर फिरणारी माणसे दुचाकीवर असतात, आणि त्यांतील अनेकांची दुचाकी आता विजेची असते. येथे जमीन सपाट आहे. घाट नाही, चढ नाही. असे असूनही पल्ला आणि मजल यांचा मेळ येथे बसत नाही. म्हणूनच हे ठिकाण विचारासाठी सोयीचे आहे.

प्रथम बॅटरीत असते काय, हे पाहिले पाहिजे. बॅटरीत अंतर साठविलेले नसते. तीत ऊर्जा साठविलेली असते. आपल्या घरच्या विजेच्या बिलात ज्याला एक युनिट म्हणतात, तेच तिचे माप होय. शास्त्रात त्याला किलोवॉट-तास म्हणतात. चांगल्या प्रतीच्या विजेच्या दुचाकीत साधारणपणे तीन ते चार युनिटे मावतात. ही ऊर्जा किती अल्प आहे याची सहसा कल्पना येत नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटे ऊर्जा असते. म्हणजे चार युनिटांची बॅटरी पूर्ण भरली, तरी तिच्यात अर्ध्या लिटर पेट्रोलहूनही कमीच ऊर्जा असते. पेट्रोलचे इंजिन त्यातील बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालविते, विजेची मोटर मात्र फार थोडी दवडते, म्हणून एवढ्याशा शिदोरीवर शंभर किलोमीटर जाता येते. परंतु शिदोरी लहान असली की प्रत्येक घास मोजावा लागतो.

या शिदोरीतून चौघे खात असतात. पहिला चाकांचा जमिनीशी होणारा विरोध. दुसरा वाऱ्याचा विरोध. तिसरा चढ. आणि चौथा, वारंवार थांबून पुन्हा वेग घेणे.

हे चौघे सुटे करून पाहावयाचे तर एक खेळणे उपयोगी पडते. फळीला चार फुगीर चाके आणि खाली बॅटरी व मोटर बसविलेला डोंगरी स्केटबोर्ड काही देशांत हौशी लोक रानवाटांवर चालवितात. त्यावर आसन नाही, वारा अडविणारा पडदा नाही, इतर काही सरंजाम नाही. त्यामुळे हिशेब उघडा दिसतो. स्वार आणि फळी मिळून नव्वद किलो वजन व बॅटरी अर्ध्या युनिटाची, असे धरू. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर मध्यम वेगाने एका किलोमीटरला सुमारे चौदा वॉट-तास लागतात. म्हणजे पल्ला पस्तीस किलोमीटरांचा. तीच फळी मऊ, गवताळ वाटेवर नेली की चाकांचा विरोध तिपटीपर्यंत वाढतो, आणि वेग कमी ठेवूनही मजल पंचविसाच्या आसपास येते. कोरड्या वाळूत तर ती याहूनही कितीतरी घटते. आता चढ पाहा. खोपोलीहून खंडाळ्यास जावयाचे, तर सुमारे पाचशे मीटर उंची चढावी लागते. नव्वद किलो वजन तेवढे उचलावयास निव्वळ गणिताने एकशे बावीस वॉट-तास, आणि मोटरीतील घट धरता दीडशेच्या घरात ऊर्जा लागते. केवळ उंची गाठण्यातच बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. वाटेचा खर्च निराळाच. उतरताना मोटर जनित्राचे काम करून थोडी वीज परत मिळविते हे खरे, परंतु चढताना दिलेले सगळे उतरताना मिळत नाही.

शोळिंगनल्लूरला चढ नाही. तेव्हा तेथे वारा आणि थांबे यांचे राज्य आहे. वाऱ्याचा नियम असा की वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो. ताशी चाळीसऐवजी साठ किलोमीटर वेगाने गेल्यास विरोध सव्वादोन पटीने वाढतो. सहापदरी रस्ता पहाटे मोकळा असतो, मूठ आपोआप पिळली जाते, आणि मजल तेथेच घटते. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. मेडवाक्कमच्या बाजूने पूर्वेकडे येणाऱ्यास तो समोरून लागतो. समोरून ताशी पंधरा किलोमीटरांचा वारा असताना चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या दुचाकीस पंचावन्नचा वारा सोसावा लागतो, आणि विरोध जवळजवळ दुप्पट होतो. वाटसरूला तो वारा सुखावतो. बॅटरीला सुखावत नाही.

राहिले थांबे. गर्दीची वेळ, चौकातील दिवे, आणि गेल्या काही वर्षांत मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या कामाने अरुंद झालेला रस्ता. माणसासह एकशे ऐंशी किलो वजनाची दुचाकी शून्यापासून चाळीसच्या वेगाला आणण्यास तीन ते चार वॉट-तास खर्ची पडतात. म्हणजे सपाट रस्त्यावरील शंभर-दीडशे मीटरांच्या प्रवासाइतके. ब्रेक लावताना त्यातील काही अंश बॅटरीत परत जातो, बाकीचा वाया जातो. दिवसातून दोन-तीनशे वेळा थांबणाऱ्याने ही लहानशी रक्कम गुणून पाहावी.

मग माहितीपत्रकावरचा आकडा येतो कोठून? तो मनगढंत नसतो. आपल्या देशात वाहनांच्या परीक्षा मान्यताप्राप्त संस्थांत होतात; पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था त्यांतील प्रमुख होय. वाहन रुळांवर, म्हणजे फिरत्या लाटांवर, उभे करून ठरलेल्या क्रमाने चालविले जाते. दुचाक्यांच्या पल्ल्यासाठी वर्षानुवर्षे आधारभूत मानलेले भारतीय चालनचक्र १०८ सेकंदांचे आहे. त्यात वेग ताशी बेचाळीस किलोमीटरांच्या वर जात नाही आणि सरासरी सुमारे बावीस पडते. हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवून बॅटरी कोठवर पुरते ते मोजतात. तेथे समुद्राचा वारा नाही, खड्डे नाहीत, मागे बसलेले माणूस नाही. ही परीक्षा दोन वाहनांची तुलना करण्यासाठी आहे, आणि त्या कामी ती उत्तम आहे, कारण सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळते. परंतु परीक्षेतील गुण म्हणजे संसारातील यशाची हमी नव्हे. दोष परीक्षेत नाही. तिचा आकडा वचन म्हणून वाचण्यात आहे.

ही तफावत किती असते, याचे एक प्रकट उदाहरण चेन्नईशीच नाते सांगते. मद्रासच्या आय. आय. टी. मधील दोन पदवीधर, तरुण मेहता आणि स्वप्निल जैन, यांनी २०१३ साली एथर एनर्जी ही कंपनी काढली. २०२२ मध्ये तिने ४५० एक्स या दुचाकीची जी नवी आवृत्ती आणली, तिच्यात ३.७ युनिटांची बॅटरी होती. प्रमाणित पल्ला १४६ किलोमीटर, आणि कंपनीने स्वतःच जाहीर केलेली प्रत्यक्षातील मजल १०५ किलोमीटर. बॅटरी तीच, दुचाकी तीच. एका हिशेबात किलोमीटरला पंचवीस वॉट-तास, दुसऱ्यात पस्तीस. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापणे हा चोख व्यवहार होय. ज्या ठिकाणी एकच आकडा असेल, तेथे ग्राहकाने दुसरा मनाशी मांडला पाहिजे.

अजून दोन वजावटी राहिल्या. बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत वापरण्याची वस्तू नव्हे. ती तळाशी आली की मोटरीचा जोर कमी होतो, आणि वारंवार पूर्ण रिकामी केल्याने तिचे आयुष्यही घटते. तेव्हा एक-पंचमांश राखीव ठेवणे शहाणपणाचे. दुसरी वजावट वयाची. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, आणि तिच्या जनकांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण जरा तिलाही चुकली नाही. प्रत्येक वर्षी आणि प्रत्येक भरणीगणिक तिची धारणशक्ती किंचित उणावते, आणि उष्णता हे उणावणे वाढविते. चेन्नईच्या मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर चढतो. अशा उन्हात उभ्या केलेल्या आणि तापलेली असतानाच भरावयास लावलेल्या बॅटरीचे वय लवकर होते. मूळ शक्तीच्या चार-पंचमांशावर आली की वाहनाच्या कामातून बॅटरी निवृत्त करण्याच्या वयाला पोचली, असे सामान्यतः मानतात.

आता एकशे सेहेचाळीसच्या आकड्याचे काय होते ते पाहावे. प्रत्यक्षातील मजल १०५. एक-पंचमांश राखीव वजा जाता ८४. बॅटरी वयात आल्यावर ६७. कर्ज काढून दुचाकी घेणाऱ्या माणसाला दिवसाकाठी नव्वद किलोमीटर फिरावे लागत असेल, तर कागदावर त्याच्यापाशी छप्पन्न किलोमीटर शिल्लक उरतात. रस्त्यावर पहिल्या वर्षीच सहा कमी पडतात, आणि पुढे तेवीस. ज्याच्या घरी दारात दुचाकी आहे आणि कचेरी पाच किलोमीटरांवर आहे, त्याला ही तूट कधी जाणवणारही नाही. पण ज्याचे काम फेऱ्यांवर मोजले जाते, त्याला ती ऐन संध्याकाळी, मागणी सर्वांत जास्त असताना जाणवते. बॅटरी भरण्यात गेलेला तास त्याच्या मजुरीतून जातो; कर्जाचा हप्ता मात्र छापील पल्ल्याच्याच हिशेबाने चालू राहतो.

बसगाड्यांची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये चेन्नईच्या महानगर परिवहन महामंडळाने शोळिंगनल्लूरनजीकच्या पेरुम्बाक्कम आगारातून विजेच्या बसगाड्या सुरू केल्या. त्यांत काही वातानुकूलित आहेत, आणि गारवा निर्माण करावयासही बॅटरीतलीच वीज लागते. परंतु बसचा मार्ग ठरलेला, फेऱ्या ठरलेल्या, परतावयाचे आगार ठरलेले. मजलीचा हिशेब एक कचेरी मांडते. दुचाकीवाल्याचा हिशेब मांडणारा तो एकटाच असतो.

त्याने तो कसा मांडावा? रीत सोपी आहे. बॅटरी पूर्ण भरून नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या ओझ्यासह निघावे आणि एक-पंचमांश उरेपर्यंत किती किलोमीटर झाले ते टिपावे. असे पंधरा दिवस करावे. सरासरी न धरता त्यातील सर्वांत वाईट दिवसाचा आकडा हाच आपला आकडा समजावा. त्यातून आणखी एक-पंचमांश वयापोटी वजा करावा. उरेल त्यात रोजचे काम बसत असेल तर वाहन योग्य. बसत नसेल तर मोठी बॅटरी, दुपारी भरण्याची सोय, किंवा रिकामी देऊन भरलेली बॅटरी घेण्याचे केंद्र, यांपैकी काही जवळ आहे काय ते विकत घेण्यापूर्वीच पाहावे. घाटातल्या गावी राहणाऱ्याने चढाचा खर्च निराळा धरावा.

पण सारा भार ग्राहकाच्या गणितावर टाकणेही न्याय्य नव्हे. २०१९ साली सुरू झालेल्या आणि मार्च २०२४ मध्ये संपलेल्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात दुचाकीला अनुदान मिळण्यासाठी किमान ऐंशी किलोमीटर पल्ल्याची अट होती. म्हणजे पल्ल्याच्या आकड्यावर सरकारी पैसाही अवलंबून होता. तो आकडा केवळ जाहिरातीचा नव्हे. एके काळी आपल्याकडे गावोगाव शेर आणि पायली निराळी असे. घेणाऱ्याचे माप एक आणि देणाऱ्याचे दुसरे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने तो गोंधळ मिटविण्यास प्रारंभ झाला, आणि किलो सगळीकडे किलोच झाला. विजेच्या वाहनाच्या पल्ल्यालाही प्रमाण माप आहे. उणीव आहे ती दुसऱ्या आकड्याची. भर रस्त्यातील वेगाने, दोन माणसांसह, चार वर्षे वापरलेल्या बॅटरीवर हे वाहन किती जाईल, हे प्रत्येक माहितीपत्रकावर पल्ल्याच्या शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत छापलेले असावे. तसे होईपर्यंत, दुकानात शिरताना पल्ला विचारावा आणि पैसे मोजण्यापूर्वी मजल विचारावी.