गाठ स्वादुपिंडात, मूळ भलतीकडे

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘स्वादुपिंडात गाठ’ असं वाचलं की घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. या अवयवाच्या कॅन्सरची ख्यातीच तशी आहे. पण तिथली प्रत्येक गाठ तिथलीच असते असं नाही. साधारण २ ते ५ टक्के दुसरीकडून आलेल्या असतात. त्यात मूत्रपिंडाचा कॅन्सर आघाडीवर, आणि क्वचित सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी, हाडं यांचा कॅन्सर. सार्कोमा सहसा फुप्फुसांत पसरतो, त्यामुळे इथे त्याचा संशय चटकन येत नाही.

गर्भाशयाच्या स्नायूचा लायोमायोसार्कोमा घ्या. पुष्कळदा फायब्रॉइड समजून ऑपरेशन होतं आणि काढलेली पिशवी तपासल्यावर तो उघड होतो. पुढे काही वर्षं बरी जातात, मग पोट दुखतं म्हणून स्कॅन होतो. जुन्या ऑपरेशनचं बाई बोलतच नाही. पोटदुखीशी पिशवीचा काय संबंध? निदान भरकटतं ते बहुधा इथेच.

स्कॅनवर अशी गाठ बरेचदा रेखीव कडांची दिसते, रक्तातलं सीए १९-९, म्हणजे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा इशारा देणारं सूचक, नॉर्मल येऊ शकतं. तेवढ्यावर भागत नाही, तुकडाच लागतो. तोंडावाटे दुर्बीण जठरात जाते, तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीने गाठ दिसते आणि जठराच्या भिंतीतून बारीक सुई तिच्यात घातली जाते. (सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती आपल्याकडे फार. प्रत्यक्षात तो धोका कमी.)

खरी कसोटी मायक्रोस्कोपखाली. लायोमायोसार्कोमात दिसतात लांबट पेशी, बोथट टोकांची केंद्रकं. पण जठराच्या भिंतीतही स्नायू असतोच आणि जाता जाता सुई त्याचेही कण उचलते. शिवाय त्याच भिंतीत होणारी जिस्ट नावाची गाठ अशीच दिसते. जिस्ट वेगळी काढायला विशिष्ट प्रथिनांसाठी रंगचाचण्या करतात. डेस्मिन आणि स्मूथ मसल ॲक्टिन पॉझिटिव्ह, सीडी ११७ आणि डॉग १ निगेटिव्ह आले की जिस्ट मागे पडते, लायोमायोसार्कोमा पुढे येतो. मग जुन्या ऑपरेशनचा मेणातला ब्लॉक मागवून पेशी ताडून पाहायच्या.

पेशी जुळल्या की औषधंच बदलतात. डॉक्सोरुबिसिनसारखी सार्कोमाची केमो पुढे येते. गाठ एकुलती एक असेल, तर निवडक रुग्णांत ती काढण्याचाही विचार होतो.