कपाळावर हात मारून घ्यावा असा विनोद

एका शब्दाचे दोन अर्थ एकाच वाक्यात एकाच वेळी कामाला लावले, की कोटी होते. संस्कृत अलंकारशास्त्रात तिला श्लेष म्हणतात. तीच कोटी फार सोपी किंवा ओढूनताणून आणलेली असली, तर घरोघरी तिला पाणचट, पाचकळ किंवा फुसका विनोद म्हटले जाते. कॉलेजातल्या मुलांनी ‘पुअर जोक’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन तिचा ‘पीजे’ केला. नावे वेगवेगळी असली तरी तिला मिळणारी दाद सगळीकडे एकच असते. ऐकणारा ‘‘अरे देवा!’’ म्हणतो, कपाळावर हात मारतो आणि नाही नाही म्हणत हसतो.

जळगाव शहरातील मेहरूण हा भाग तलावासाठी आणि बोरांसाठी ओळखला जातो. हिवाळ्यात मेहरूणची बोरे बाजारात आली, की खानदेशातल्या घरांत एक विनोदही हमखास येतो. सुट्टीच्या दुपारी मुलगी कंटाळून म्हणते, ‘‘पप्पा, बोर होतंय.’’ पेपरातून मान वर न करता पप्पा म्हणतात, ‘‘मेहरूणचं असेल, मीठ लावून खा.’’ मुलगी वैतागते आणि पप्पा स्वतःवरच खूश होतात.

या दोन वाक्यांत कोटीचे सगळे यंत्र दिसते. इंग्रजीतून आलेला ‘बोर’ म्हणजे कंटाळा आणि मराठीतले ‘बोर’ म्हणजे फळ. उच्चार एक असला तरी दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मुलीने पहिला अर्थ घेतला, वडिलांनी जाणूनबुजून दुसरा. पण ‘होतंय’ हे क्रियापद फळाला नीट लागू पडत नाही, म्हणजे दुसरा अर्थ वाक्यात कोंबावा लागतो. ही कोंबाकोंबी वडील लपवत नाहीत, उलट मिरवतात. पाणचटपणा म्हणतात तो हाच. कसलेल्या श्लेषात दोन्ही अर्थ वाक्यात सारखेच चपखल बसतात. पाणचट कोटीत एक बसतो आणि दुसरा बसवला जातो.

अलंकारशास्त्राने श्लेषाचे दोन मुख्य प्रकार मानले आहेत. शब्द न फोडता दोन अर्थ निघाले तर तो अभंग श्लेष. ‘मित्र’ म्हणजे सूर्य आणि सोबती, ‘जीवन’ म्हणजे आयुष्य आणि पाणी, ही शाळेत शिकवली जाणारी उदाहरणे. शब्द फोडल्यावर दुसरा अर्थ निघाला तर तो सभंग श्लेष. चाळीसगावला पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला ‘‘बाकीची एकोणचाळीस गावं कुठं गेली?’’ असे विचारणारा काका नकळत सभंग श्लेषच करत असतो. आणखी एक प्रकार व्यवहारात सर्वांत जास्त चालतो. तो म्हणजे दोन भाषांतल्या सारख्या ध्वनीवर केलेली कोटी. ‘बोर’ हे त्याचेच उदाहरण.

कोट्यांसाठी मराठीची जमीन सुपीक आहे. तिच्यात संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, प्राकृतातून झिजत आलेले शब्द, फारसी-अरबी शब्द आणि इंग्रजी शब्द एकत्र नांदतात. निरनिराळ्या वाटांनी आलेले शब्द उच्चारात एकमेकांना येऊन भिडतात. ‘कर’ म्हणजे हात, सरकारी देणे आणि ‘काम कर’ यातली आज्ञाही. ‘वर’ म्हणजे नवरदेव, देवाने दिलेले वरदान आणि डोक्यावरची दिशा. ‘हार’ गळ्यातही पडतो आणि निवडणुकीत पदरातही.

खानदेशात या सामग्रीला बोलींची आणि जेवणाची जोड मिळते. तिथे ‘दादर’ ही रब्बी ज्वारीची जात आहे आणि मुंबईकरांसाठी ते रेल्वे स्टेशन आहे. त्यामुळे ‘‘दादरला उतरलो, पण भाकरी काही मिळाली नाही’’ हे वाक्य जळगावात जितके चालेल तितके पुण्यात चालणार नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळणा होतो. ‘‘एवढी कळण्याची भाकरी खाल्ली, तरी गणित काही कळलं नाही’’ या वाक्यात पदार्थ आणि क्रियापद दोन्ही ताटात येतात. ‘फौजदारी डाळ’ नावाचा पदार्थ तर वकिलांच्या पंगतीत कोटी केल्याशिवाय वाढलाच जाऊ नये, असा आहे. तापी नदीच्या काठी उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास गेला, की नदीच्या नावातला ‘ताप’ आणि जळगावच्या नावातले ‘जळ’ यांवर दरवर्षी नव्याने जुनीच कोटी होते. धुळे, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यातल्या अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. ‘‘घरमा पाहुना एक शे’’ हे वाक्य अहिराणी न येणाऱ्याने ऐकले, तर एकशे किती पाहुणे आले या काळजीने तो हैराण होईल.

अशा वेळी मेंदूत काय घडते, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. अमेरिकन संशोधक डेव्हिड स्विनी यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की अनेकार्थी शब्द कानावर पडला की संदर्भ कितीही स्पष्ट असला तरी त्याचे एकापेक्षा जास्त अर्थ क्षणभर जागे होतात. नंतर सेकंदाच्या काही अंशातच नको असलेला अर्थ मावळतो. नेहमीच्या बोलण्यात ही निवड इतकी झटपट होते, की ती झाल्याचे कोणाला कळतही नाही. कोटी करणारा नेमका तो मावळलेला अर्थ पुन्हा पुढे आणून ठेवतो. ऐकणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो, कारण तो नुकताच त्याच्या डोक्यातून जाऊन आलेला असतो. कोटी समजली की ‘आपल्याला हे कसं सुचलं नाही’ असे वाटते, त्याचे एक कारण हे असावे.

विनोद समजून घेणारे मेंदूचे भाग कोणते, याचा शोध विनोद गोयल आणि रेमंड डोलन यांनी 2001 मध्ये मेंदूची चित्रे घेऊन घेतला. आशयावर आधारलेले विनोद आणि ध्वनीवर आधारलेल्या कोट्या समजून घेताना मेंदूतली वेगवेगळी जाळी कामाला लागतात, असे त्यांना आढळले. कोट्यांच्या वेळी मुख्यतः डाव्या बाजूचे, बोलण्याशी संबंधित भाग जागे होतात. गंमत वाटण्याची जागा मात्र दोन्हींसाठी एकच असते. म्हणजे वाटा दोन असल्या तरी हसू एकाच ठिकाणी पोचते. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले काही रुग्ण प्रसंगाचे भान न ठेवता सतत कोट्या करत राहतात, हेही वैद्यकाला शतकाहून अधिक काळ माहीत आहे. जर्मन डॉक्टरांनी या अवस्थेला ‘विट्झेलझुख्ट’ असे नाव दिले. यावरून एक गोष्ट लक्षात येते. कोटी सुचणे वेगळे आणि ती कधी गिळायची हे कळणे वेगळे. निरोगी माणसात ही दोन्ही कामे चालू असतात.

आज कोटीला हलका विनोद मानले जात असले, तरी तिचे कूळ मोठे आहे. बाराव्या शतकातील कविराजाच्या ‘राघवपांडवीय’ या संस्कृत काव्यात तेच श्लोक एका रीतीने वाचले तर रामायण सांगतात आणि दुसऱ्या रीतीने वाचले तर महाभारत. खानदेशाशी जोडलेले उदाहरण याहून जवळचे आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात पाटण येथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. ज्या ‘लीलावती’मुळे भास्कराचार्यांचे नाव घरोघरी पोचले, तो ग्रंथ साधारण 1150 चा. त्याचा शेवटचा श्लोक ही एक लांबलचक कोटीच आहे.

त्या श्लोकात लीलावती हे पुस्तकाचेही नाव आहे आणि स्त्रीचेही. ‘जाति’ म्हणजे अपूर्णांकांचे प्रकार, तसेच चांगले कूळ. ‘गुण’ म्हणजे गुणाकार, तसेच अंगचे सद्गुण. ‘वर्ग’ म्हणजे संख्येचा वर्ग, तसेच समूह. ‘व्यवहृति’ म्हणजे गणितातील व्यवहार, तसेच वागणूक. ‘कंठ’ धरून येणारा शब्द तर सगळ्यांवर कडी करतो: पुस्तक कंठस्थ होते आणि स्त्री गळ्यात पडते. पूर्ण श्लोक पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्यालाही लागू पडतो आणि सुखी नवऱ्यालाही. यातला एकही अर्थ कोंबलेला नाही. अंकगणिताचा ग्रंथ संपवताना एवढ्या मोठ्या गणितज्ञाला शब्दांशी खेळावेसे वाटले, हेच कोटीच्या ओढीचे मोठे प्रमाणपत्र म्हणता येईल.

मराठीत पंडित कवींनी ही परंपरा पुढे नेली. मोरोपंतांनी (1729–1794) शब्दांवर आणि अक्षरांवर बंधने घालून घेत कितीतरी रामायणे रचली. दुसरीकडे लोकरंगभूमीवर तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याने मालकाचे वाक्य मुद्दाम भलत्याच अर्थाने घेणे हा हुकमी हशा ठरला. पुस्तकी श्लेष आणि फडावरची कोटी या दोन्हींचा संगम नाटकांत झाला. वऱ्हाडात वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934) यांनी नाटकातल्या संवादांत कोट्यांचा पाऊस पाडला. त्यांच्या विनोदी लेखांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ या संग्रहाचे दुसरे नाव ‘साहित्य-बत्तिशी’ असे आहे. बत्तीस लेख म्हणून बत्तिशी आणि ते वाचून दिसणारे दात म्हणूनही बत्तिशी. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी (1885–1919) कोट्यांत गुरूच्याही पुढे गेले. प्रल्हाद केशव अत्रे यांनी तेच हत्यार व्यासपीठावर आणि वृत्तपत्रात परजले.

पु. ल. देशपांडे यांनी कोटीला सहजपणा दिला. त्यांच्या युरोपच्या प्रवासवर्णनाचे नाव ‘अपूर्वाई’. अपूर्वाई म्हणजे नवलाई. पण प्रवास पूर्वेचा नाही, पश्चिमेचा आहे, म्हणून तो ‘अ-पूर्व’ही आहे. पुढे आग्नेय आशिया आणि जपानच्या प्रवासावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘पूर्वरंग’. त्यात पूर्वेकडचे रंग आहेतच, शिवाय कीर्तनाच्या पहिल्या भागालाही पूर्वरंग म्हणतात. दोन्ही नावे कोटी न कळणाऱ्यालाही आवडतात आणि कळणाऱ्याला जरा जास्त आवडतात. अभिजात श्लेषाची खूण हीच.

मग कोटीला नाक का मुरडले जाते? पहिले कारण असे, की ती संभाषणाला आडवी जाते. समोरचा काही सांगत असतो आणि कोटी करणारा आशय सोडून शब्दाला धरतो. दुसरे कारण तिचा स्वस्तपणा. शब्द दिसला की कोटी करता येते, त्यासाठी विचार लागतोच असे नाही. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या नाटकांवरही हा आक्षेप घेतला गेला: प्रसंग करुण असो वा गंभीर, पात्रे कोट्या करायला थांबतात. तिसरे कारण म्हणजे कोटी दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. कळण्याच्या भाकरीचा विनोद हिंदीत सांगायला गेले तर फक्त पाककृती उरते.

नेमके हेच दोष घरात गुण ठरतात. इंग्रजीत अशा विनोदांना ‘डॅड जोक’ म्हणतात. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने तो शब्द 2019 मध्ये दाखल करून घेतला. जपानीत त्यांना ‘ओयाजी ग्याग’, म्हणजे मध्यमवयीन बाप्यांचे विनोद, असे नाव आहे. वडिलांची ही खोड कोणा एका देशाची नाही. तिचे एक कारण मुलांच्या वयात आहे. साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास मुलांना एका शब्दाचे दोन अर्थ असू शकतात हे हळूहळू उमगू लागते. त्या वयात ‘बोर’ची कोटी खरोखरच चमत्कार वाटते आणि मूल खळखळून हसते. मूल दहावीत जाते, त्याची समज वाढते, वडिलांचा साठा मात्र तोच राहतो. हशाची जागा वैताग घेतो. तरीही कोटी थांबत नाही.

डेन्मार्कचे विनोदाभ्यासक मार्क ह्ये-क्नुडसेन यांनी यावर एक तर्क मांडला आहे. वडील पाणचट विनोदाने वाढत्या मुलांना थोडे लाजवतात, चिडवतात. आणि लाजेने कोणी मरत नाही, हे मुलांना त्यातून कळते. पीटर मॅक्ग्रॉ आणि कॅलेब वॉरन यांनी 2010 मध्ये मांडलेली उपपत्तीही याला जुळते. त्यांच्या मते एखादा नियम मोडला जातो, पण त्यातून कोणाचे काही बिघडत नाही, तेव्हा माणूस हसतो. कोटी बोलण्याचा नियम मोडते, तर पाणचट कोटी चांगल्या विनोदाचाही नियम मोडते. दोन्हींत नुकसान कोणाचेच नसते. त्यात कोणाची जात, रूप, गरिबी किंवा व्यंग यांची थट्टा नसते. हसे झाले तर सांगणाऱ्याचेच होते.

एवढे मात्र खरे, की पाणचट कोटीला प्रेक्षक नव्हे, आपली माणसे लागतात. ऑफिसातल्या साहेबाने तीच कोटी केली तर कर्मचारी भीतीने हसतात, आणि अनोळखी माणसाने केली तर कोणीच हसत नाही. अर्थावर खंबीरपणे उभी राहणारी कोटी पुस्तकात टिकते. तिची पारख दोन्ही अर्थ किती चपखल बसले यावरून करावी. पाणचट कोटी मात्र ती कोणी, कोणाला, कितव्यांदा ऐकवली यावरून तोलावी. ज्या घरात ती अजून ऐकू येते आणि ऐकून कोणीतरी कपाळावर हात मारते, त्या घरात बोलणे चालू आहे एवढे निश्चित.